जिप्सम पाण्यात किती विरघळते, आणि चोपण जमिनीत ते दोन महिन्यांनीही का दिसते?

कृष्णाकाठच्या एका ऊस उत्पादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपण झालेल्या, म्हणजे सोडियम वाढल्यामुळे पाणी मुरत नसलेल्या जमिनीत त्यांनी मार्चमध्ये एकरी दोन टन जिप्सम पसरले, वरवर कुळवून घेतले आणि ठिबकवर ऊस केला. दोन महिने झाले तरी वरंब्यांवर पांढरे कण जसेच्या तसे दिसतात. खतविक्रेता म्हणतो की जिप्सम पाण्यात विरघळतच नाही. शेजारचे शेतकरी म्हणतात की ते टाकीत कालवून ठिबकमधून सोडायला हवे होते. यातले खरे काय, आणि घातलेला पैसा वाया गेला का, असे ते विचारतात.

माती आणि पाणी परीक्षणाच्या कामात दोन दशकांहून अधिक काळ घालवल्यामुळे हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकला आहे. पैसा वाया गेलेला नाही, एवढे आधी सांगतो. पण जिप्समला त्याचे काम करण्यासाठी जेवढे पाणी लागते, तेवढे ते अजून मिळालेले नाही, आणि जे मिळाले तेही सगळीकडे पोहोचलेले नाही.

साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या शुद्ध पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम विरघळते. मीठ त्याच पाण्यात लिटरमागे सुमारे ३६० ग्रॅम विरघळते, तर चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शुद्ध पाण्यात लिटरमागे जेमतेम १४ मिलिग्रॅम. म्हणजे मिठाशी तुलना केली तर जिप्सम न विरघळणारे वाटते आणि चुनखडीशी केली तर ते तिच्या पावणेदोनशे पट विरघळणारे ठरते. रसायनशास्त्रात अशा पदार्थाला अल्पविद्राव्य म्हणतात. ‘विरघळतच नाही’ हे विक्रेत्याचे म्हणणे म्हणूनच चूक आहे, आणि युरियासारखे टाकीत ढवळले की नाहीसे होईल ही शेजाऱ्यांची अपेक्षाही तितकीच चूक आहे.

ही गोष्ट आमच्या प्रयोगशाळेत रोज डोळ्यांसमोर असते. चोपण जमिनीला किती जिप्सम लागेल हे काढण्यासाठी स्कूनोव्हर यांची १९५२ सालची पद्धत आजही वापरली जाते, आणि तिच्यासाठी आधी जिप्समचे संपृक्त द्रावण, म्हणजे ज्यात आणखी जिप्सम विरघळू शकत नाही असे पाणी, करावे लागते. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात पाच ग्रॅम शुद्ध जिप्समची पूड टाकायची, बाटली चांगली हलवायची आणि गाळण कागदातून गाळून घ्यायची. कागदावर दर वेळी जवळपास निम्मी पूड ओल्या पिठासारखी उरते. ती कितीही हलवली तरी आणखी विरघळत नाही, कारण पाण्याची क्षमता संपलेली असते. खाली जे स्वच्छ, काचेसारखे पाणी जमते, त्यात लिटरमागे सुमारे ३० मिलिइक्विव्हॅलंट (आयनांचे प्रमाण मोजण्याचे एकक), म्हणजे ६०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि त्याची विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) सुमारे २.२ डेसिसायमन प्रतिमीटर भरते. हे द्रावण मातीच्या नमुन्यात मिसळून हलवले की चोपण माती त्यातले कॅल्शियम खेचून घेते. उरलेले कॅल्शियम मोजले की मातीने किती घेतले हे समजते, आणि त्यावरून जिप्समची मात्रा ठरते.

हा प्रयोग घरीही करता येतो. आरओचे पाणी भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एकीत दोन ग्रॅम आणि दुसरीत दहा ग्रॅम जिप्सम टाकावे, दिवसभर अधूनमधून हलवावे आणि रात्रभर स्थिर ठेवावे. जिप्सम चांगले असेल तर सकाळी पहिल्या बाटलीत फक्त थोडी माती वा रेती तळाशी दिसेल. दुसरीत मात्र निवळीखाली पांढरा साका जाड बसलेला असेल. त्या साक्याकडे पाहून माल खोटा आहे असा निष्कर्ष काढू नये. वरची निवळी ओतून नवे पाणी घातले की त्यातले आणखी अडीच ग्रॅम विरघळेल, आणि असे चार-पाच वेळा केले की बाटलीत जवळपास काही उरणार नाही. शेतात घडायला हवे ते हेच: प्रत्येक पाण्याने आपला वाटा विरघळवायचा, तो खाली न्यायचा आणि पुढच्या पाण्याला जागा करून द्यायची.

आता हाच हिशोब एकरावर मांडू. एक एकरावर एक इंच उंचीचे पाणी म्हणजे सुमारे एक लाख लिटर. लिटरला अडीच ग्रॅम या दराने एवढे पाणी जास्तीत जास्त अडीच क्विंटल जिप्सम विरघळवू शकते. दोन टनांसाठी म्हणूनच निदान आठ इंच, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर पाणी त्या जिप्सममधून मुरून जायला हवे. हा कागदावरचा किमान आकडा झाला. शेतात पाणी जिप्समच्या कणांजवळ पुरेसा वेळ थांबत नाही, त्यामुळे ते संपृक्त न होताच पुढे जाते. चोपण जमिनीत तर पाणी मुरतच नाही, वर साचते आणि बरेचसे वाफ होऊन उडून जाते. पाटपाण्याच्या उसाला एका वेळेस साधारण तीन इंच पाणी बसते असे धरले, तर सगळे सुरळीत असतानाही तीन पाळ्या लागतील, आणि प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच जास्त.

ठिबकवर चित्र आणखी बदलते. दोन लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या नळ्यांमध्ये, पाच फूट अंतर असेल आणि ड्रिपरखाली दीड-दोन फुटांचा पट्टा ओला होत असेल, तर निम्म्याहून अधिक क्षेत्राला पाण्याचा थेंबही लागत नाही. तिथे पसरलेले जिप्सम कोरडेच राहणार. ओल्या पट्ट्यातही पाणी रोज थोडे थोडे पडते आणि पीक ते उचलते. भर उन्हाळ्यात ओलावा केशाकर्षणाने वर येतो, पाणी उडून जाते आणि विरघळलेले जिप्सम पृष्ठभागाजवळ पुन्हा स्फटिकरूपात बसते. त्यामुळे ओल्या-कोरड्याच्या सीमेवर पांढरी कड अधिकच ठळक दिसते. आपल्या वरंब्यांवर दोन महिन्यांनी कण दिसण्यामागे हे मुख्य कारण आहे असे मला वाटते. म्हणून जिप्समचा हप्ता पावसाळ्यापूर्वी मातीत मिसळून ठेवण्याची शिफारस केली जाते, कारण साऱ्या शेतावर सारखे पडणारे, क्षार नसलेले आणि भरपूर पाणी आपल्याला फक्त पावसातूनच मिळते.

मात्र ते पांढरे कण जिप्समचेच आहेत याची खात्री आधी करून घ्यावी, कारण काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात आणि चोपण-क्षारपड जमिनीवर मीठही फुटते. दोन-चार कण उचलून नखाने दाबून पाहावेत. जिप्सम इतके मऊ असते की नखाने त्यावर ओरखडा उठतो, चुनखडीवर उठत नाही. मग एका कणावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. बुडबुडे येऊन फसफसले तर ती चुनखडी, आणि काहीच घडले नाही तर बहुधा जिप्सम. फुटून आलेले मीठ चमचाभर पाण्यात टाकताच नाहीसे होते.

आम्लाची ही परीक्षा पिशवी घेतानाही करावी, आणि हे मी अनुभवावरून आग्रहाने सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी दीड वर्ष वाट पाहून कंटाळून आमच्याकडे अर्धी पिशवी घेऊन आले होते. पिशवीवर जिप्सम असे छापलेले होते. चिमूटभर पुडीवर आम्ल टाकताच ती सोड्यासारखी उसळली. ती बहुतांशी चुनखडीची पूड होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या पाण्यातही चुनखडी लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅमच विरघळते, आणि साडेआठहून अधिक सामू (पीएच) असलेल्या चोपण मातीत त्याहूनही बरीच कमी. तशी पूड दहा वर्षे शेतात पडून राहिली असती तरी जमीन सुधारली नसती. ‘जिप्सम विरघळत नाही’ हा समज गावोगाव रुजण्यामागे अशा मालाचाही हात आहे, आणि त्याची किंमत मेहनत करणाऱ्या माणसाला मोजावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जिप्सम खरे असेल, तर मातीत मिसळल्यावर ते बाटलीतल्यापेक्षा चांगले विरघळते, हे फारसे सांगितले जात नाही. चोपण जमिनीत चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. त्यामुळे ते कण एकमेकांपासून सुटतात, जमीन ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की दगडासारखी होते. जिप्सममधले कॅल्शियम द्रावणात आले की मातीचे कण ते धरून ठेवतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. द्रावणातले कॅल्शियम असे कमी झाले की पाण्यात पुन्हा जागा होते आणि जिप्समचा पुढचा कण विरघळतो. बाटलीत अडीच ग्रॅमवर थांबणारी प्रक्रिया मातीत म्हणून पुढे चालू राहते. शिवाय पाण्यात मिठासारखे सोडियमचे क्षार असतील तर जिप्समची विद्राव्यता वाढते, खूप खाऱ्या पाण्यात ती दुप्पट-तिपटीपर्यंत जाते. वरचा आठ इंचांचा हिशोब म्हणूनच थोडा सैल धरावा. पण हा फायदा फक्त मातीत मिसळलेल्या जिप्समला मिळतो. वरंब्यावर नुसत्या पडलेल्या कणाला मातीचा स्पर्श एका बाजूनेच होतो.

उलट काही गोष्टी विद्राव्यता कमी करतात. विहिरीच्या पाण्यात आधीच कॅल्शियम किंवा सल्फेट भरपूर असेल तर त्या प्रमाणात जिप्सम कमी विरघळते. पाण्यात बायकार्बोनेट आणि कार्बोनेट जास्त असतील तर नुकसान वेगळ्या प्रकारचे होते. विरघळलेले कॅल्शियम लगेच चुनखडी होऊन साक्यात जाते, आणि ती चुनखडी जिप्समच्या कणावरच पातळ लेप धरते. आतला कण शाबूत असूनही पाण्याला त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. असे कण फोडून पाहिले की बाहेरचा मळकट पापुद्रा आम्लाने फसफसतो आणि आतला पांढरा गाभा फसफसत नाही. म्हणून जिप्सम घालण्याआधी मातीबरोबर पाण्याचीही तपासणी करून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगतो.

तापमानाविषयीही विचारले जाते, पण शेतीच्या दृष्टीने तो मुद्दा गौण आहे. जिप्समची विद्राव्यता ४० अंशांच्या आसपास सर्वाधिक असते आणि त्यापुढे ती कमी होत जाते. म्हणून पाणी उकळून त्यात जिप्सम विरघळवण्याचा खटाटोप निरुपयोगी ठरतो.

कणांचा आकार मात्र महत्त्वाचा आहे. खडे मोठे असतील तर पाण्याला मिळणारा पृष्ठभाग कमी असतो आणि विरघळण्याचा वेग मंदावतो, अंतिम मर्यादा मात्र तीच राहते. दोन मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारी, बारीक आणि मध्यम कणांची मिश्र पूड सर्वसाधारणपणे योग्य समजली जाते. पिठासारखे अगदी बारीक दळलेले जिप्सम नेहमीच जास्त चांगले, हा समजही तपासून घ्यावा. ज्या मातीत विरघळलेला सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, भरपूर असतो, तिथे अतिबारीक पूड एकदम विरघळते आणि तिच्या कॅल्शियमचा मोठा भाग मातीच्या कणांपर्यंत पोहोचण्याआधीच चुनखडी होऊन बसतो. थोडे जाडसर कण तिथे सावकाश आणि जास्त काळ कॅल्शियम पुरवतात.

ठिबकमधून जिप्सम सोडण्याच्या सल्ल्याविषयी मला ठामपणे नाही म्हणावेसे वाटते. दोनशे लिटरच्या टाकीत जास्तीत जास्त अर्धा किलो जिप्सम विरघळेल. दोन टनांसाठी तशा चार हजार टाक्या लागतील. टाकीत पाच-दहा किलो कालवले तर ते विरघळत नाही, फक्त तरंगते, आणि तो गाळ जाळीच्या फिल्टरमध्ये, व्हेंचुरीत (खत ओढून घेणाऱ्या नळीत) आणि ड्रिपरच्या अरुंद वाटेत बसतो. लॅटरलमध्ये एकदा बसलेले जिप्सम आम्ल सोडूनही सहज निघत नाही, कारण चुनखडीसारखे ते आम्लाशी फसफसून विरघळत नाही. याच कारणाने कॅल्शियम नायट्रेट आणि अमोनियम सल्फेट, पोटॅशियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट ही खते एका टाकीत कधीही एकत्र करू नयेत. दोन्ही खते स्वतंत्रपणे पाण्यात उत्तम विरघळतात, पण एकत्र येताच कॅल्शियम आणि सल्फेट भेटतात, त्यांचे प्रमाण जिप्समच्या मर्यादेपलीकडे जाते आणि टाकीतले पाणी दुधाळ होते. अनेक ठिकाणी बंद पडलेल्या ड्रिपरमधून मी जो पांढरा गाळ काढला आहे, तो विकत घेतलेल्या जिप्समचा नव्हता, अशा टाकीत तयार झालेल्या जिप्समचा होता.

याच पदार्थाच्या विद्राव्यतेचा आणखी एक प्रश्न आपल्याकडे दर वर्षी भाद्रपदात उभा राहतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घट्ट झाली की ती रासायनिकदृष्ट्या जिप्समच असते. पाच किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला निदान दोन हजार लिटर पाणी हवे, तेही ढवळते राहणारे, आणि बादलीभर, वीस लिटर पाण्यात ५० ग्रॅमच विरघळेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत सुचवली. त्यात जिप्सममधले कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसते आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, जे खत म्हणून वापरता येते. शेतात कणावर लेप धरून नुकसान करणारी जी प्रक्रिया आहे, तिचीच बहीण इथे उपयोगाला आली आहे.

आता मात्रा आणि निचरा. वरच्या १५ सेंटिमीटर मातीत शंभर ग्रॅममागे एक मिलिइक्विव्हॅलंट सोडियम काढायचा असेल तर एकरी सुमारे आठ क्विंटल शुद्ध जिप्सम लागते. मालाची शुद्धता ७० टक्के असेल तर साडेअकरा क्विंटल घ्यावे लागेल. आपण घातलेले दोन टन कमी आहे की पुरेसे, हे अहवाल पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. सामू ८.५ हून जास्त आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तर जमीन चोपण समजली जाते. मात्र अकोला, अमरावती आणि बुलढाणा भागातल्या पूर्णा खोऱ्यातील काळ्या जमिनींनी हे दाखवून दिले आहे की भरपूर फुगणाऱ्या चिकणमातीत सोडियम १५ टक्क्यांच्या बराच खाली असतानाही पाणी मुरणे थांबते. म्हणून फक्त आकड्यावर न थांबता शेतात पाणी किती वेळ साचते तेही पाहावे. जमीन नुसती क्षारपड असेल, म्हणजे क्षार जास्त पण सामू कमी असेल, तर जिप्सम घालून काही साधणार नाही. तिथे क्षार धुऊन काढणे हाच उपाय आहे.

जिप्सम विरघळून मातीतला सोडियम सुटला की त्याचे सोडियम सल्फेट होते आणि ते पाण्यात सहज विरघळते. ते मुळांच्या थराखाली आणि शेताबाहेर गेले पाहिजे. कृष्णाकाठच्या सखल भागात भूजल वर आलेले असते, तिथे हे सल्फेट जाणार कुठे? चर किंवा भूमिगत पाइपांचा निचरा नसेल तर ते उन्हाळ्यात पुन्हा वर येते, आणि एवढे जिप्सम घालूनही जमीन पहिल्यासारखीच वागते. निचऱ्यावर होणारा खर्च मोठा असतो हे मला माहीत आहे. तरीही दोन्हींपैकी आधी एकच काम परवडत असेल, तर मी निचरा सुचवेन.

मातीत मोकळी चुनखडी भरपूर असेल तर जिप्समऐवजी गंधकाचाही विचार करता येतो. मातीतले जिवाणू गंधकाचे आम्ल बनवतात, ते आम्ल जमिनीतली चुनखडी विरघळवते आणि जिप्सम जागेवरच तयार होते. एक टन शुद्ध जिप्सममध्ये जेवढे गंधक असते ते सुमारे १८६ किलो, म्हणून मात्रा त्या प्रमाणात कमी लागते, पण जिवाणूंना ओल, ऊब आणि काही आठवडे लागतात. धैंचा किंवा ताग फुलोऱ्यापूर्वी गाडण्याचा फायदाही याच दिशेने होतो. तो कुजताना मातीत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि चुनखडीची विद्राव्यता काही पटींनी वाढते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पट्ट्यातल्या चुनखडीयुक्त जमिनींसाठी हा मार्ग मला विशेष उपयुक्त वाटतो.

आपल्या शेतापुरते सांगायचे तर, कण जिप्समचेच असल्याची खात्री झाल्यावर उभ्या उसात आणखी जिप्सम टाकू नये. मोठ्या बांधणीच्या वेळी वरंब्यावरची माती हलेल, तेव्हा कोरड्या पट्ट्यातले जिप्सम ओल्या मातीत मिसळू द्यावे आणि पावसाचे पाणी शेताबाहेर धावू न देता जागेवर मुरेल अशी सरी ठेवावी. तत्पूर्वी विहिरीचे एक लिटर पाणी, आणि ओल्या व कोरड्या पट्ट्यांतून ० ते १५ व १५ ते ३० सेंटिमीटर खोलीची माती अशा चार वेगळ्या पिशव्या प्रयोगशाळेत द्याव्यात. पावसाळा संपल्यावर त्याच ठिकाणांहून पुन्हा चार पिशव्या भराव्यात. ओल्या पट्ट्यातला विनिमययोग्य सोडियम उतरलेला आणि खालच्या थरातले सल्फेट वाढलेले दिसले, तर जिप्सम काम करते आहे असे समजावे आणि उरलेली मात्रा ऊस निघाल्यावर, खोडवा न ठेवता, नांगरटीनंतर वरच्या १०-१५ सेंटिमीटर मातीत रोटाव्हेटरने मिसळून द्यावी.